पत्रे उडाले तेव्हा घरात कोण होतं

थोरल्या दिरांच्या घरावरचे पत्रे मे महिन्यातल्या वळवानं नेले आणि तिथून पुढं मृग लागेपर्यंत माझ्या घरात जे चाललं, त्याचा राग अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. आता वर्ष होऊन गेलं. सगळे म्हणतात, झालं गेलं सोडून दे. सोडायचं तर आधी सगळं एकदा नीट सांगून टाकावं म्हणून लिहायला बसले आहे.

आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत एका गल्लीत राहतो. दुसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मालक, म्हणजे माझा नवरा, कारखान्यात पाळीवर जातात, लेक लग्न होऊन बाहेरगावी आहे. बाहेरच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं. ब्लाऊज, फॉल-पिको, नवरीच्या साड्यांचं सगळं. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, वर्षाचं निम्मं काम मला या दोन महिन्यांत मिळतं. दीर आणि जाऊ मूळ गावी असतात, मलकापूरच्या पलीकडं, डांबरी सोडून आत. भाताची शेती, दोन म्हशी. त्यांच्या दोन्ही मुली सासरी गेलेल्या. जावेला मी अक्का म्हणते. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी आहे.

त्या दिवशी कोल्हापुरातही दुपारी आभाळ काळंठिक्कर झालं. धुळीनं समोरची गच्ची दिसेना, कुठंतरी मोठा फलक पडल्याचा आवाज झाला आणि लाईट गेली. मी मशीनला पायडल लावून काम चालू ठेवलं. आमच्याकडं पाऊस थोडाच झाला, पण मलकापूरच्या बाजूला वादळानं झोडपून काढलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दिरांचा फोन आला की घरावर पत्रा राहिलेला नाही. मालक तसेच मोटारसायकल काढून गेले.

संध्याकाळी एक टेम्पो गल्लीच्या तोंडाशी लागला. त्यातून पहिल्यांदा दिरांची लाकडी आरामखुर्ची उतरली, मग पोत्यात गुंडाळलेला टीव्ही, मग ट्रंक, पाणी गळणाऱ्या गाद्या, तांदळाचं पोतं. सगळ्यात शेवटी अक्का उतरली. देव तिनं स्टीलच्या डब्यात घालून छातीशी धरले होते. कपाळाच्या वर, केसांत, लुगड्याची चिंधी बांधलेली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत काळेनिळे. काय लागलं म्हणून मी विचारलं, तर ती तोंड उघडायच्या आत दीर म्हणाले, "गार लागली. हळद भरलीया."

वर आल्यावर पाणी पिण्याआधीच त्यांनी वादळ सांगायला सुरुवात केली. वारा कसा फिरला, दार कसं आत यायला लागलं, त्यांनी पाठ लावून ते कसं धरलं, हिला पलंगाखाली कसं ढकललं आणि गारांच्या माऱ्यात जाऊन म्हशींची दावी कशी सोडली. सांगणारा माणूस चांगला, आवाज मोठा. माझ्या अंगावर काटा आला. मालक दाराशी हेल्मेट हातात घेऊन उभेच होते. मला वाटलं, दमलेत.

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. आमच्याकडं मयताला जसं भेटायला येतात तसंच असल्या वेळीही येतात. कुणी बिस्किटाचे पुडे, कुणी केळी, कुणी जुने कपडे. पेठेतले, गावाकडचे, नात्यातले, नात्याच्या नात्यातले. येईल त्याला चहा. येईल त्याला वादळ. दीर बाहेरच्या खोलीतल्या कॉटवर बनियनवर बसायचे आणि पहिल्यापासून सांगायचे. सांगता सांगता ते वाढत गेलं. पहिल्या दिवशी पत्रा डोक्यावरून गेला होता, चौथ्या-पाचव्या दिवशी तो कानाला चाटून गेला. भेटायला आलेल्या बायका जाताना स्वयंपाकघरात डोकावून मला सांगायच्या की तुम्ही आहात म्हणून बरं, अशी धाकटी जाऊ मिळायला नशीब लागतं. मी चहाचं आधण बघत हसायची. आतून मात्र मी पेटलेली असायची.

कारण माझी मशीन गॅलरीत गेली होती. मेच्या उन्हात, पत्र्याच्या पन्हाळीखाली, वाळत घातलेल्या त्यांच्या ओल्या गाद्यांच्या शेजारी. त्या गाद्यांचा कुबट वास नव्या रेशमी कापडाला लागायचा. माप द्यायला येणाऱ्या बायका दारात थबकायच्या, कारण समोर दीर. ते उठून जायचे नाहीत आणि अंगात शर्टही घालायचे नाहीत. उलट "या की, बसा," म्हणायचे. एका नवरीची आई लेकीला घेऊन ब्लाऊज घालून बघायला आली. पोरगी स्वयंपाकघरात जाऊन घालते म्हणाली, तिथं अक्का भाकरी थापत होती, धूर झालेला. पोरगी परत आली, आईच्या कानात काहीतरी बोलली आणि आईनं न शिवलेली सगळी कापडं पिशवीत भरली. "तुमच्यावर आधीच एवढं संकट हाय, आमचं कुठं करत बसता," असं म्हणून ती गेली. गोड बोलून गेली, पण गेली. ते काम मी पाडव्यापासून धरून ठेवलं होतं.

मालकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "त्यांचं घर गेलंय, आणि तुला ब्लाऊजचं पडलंय."

हे वाक्य मी कधी विसरणार नाही. या घराचं अर्धं सामान त्या ब्लाऊजवर आलेलं आहे.

अक्काचाही मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. ती पहाटे उठायची, सगळे डबे खडखडवायची. माझी चटणीची बरणी तिला हाताशी हवी होती म्हणून गॅसच्या कट्ट्यावर आली, कुकर वर फळीवर गेला. कुकरमधला भात तिला चालायचा नाही. माझ्या हातातून ती झाडू ओढून घ्यायची, भांडी ओढून घ्यायची आणि मग माझं झाडणं कसं वरवरचं असतं ते सांगायची. घरी कधी जाणार हे काही सांगायची नाही. मी एकदा आडून विचारलं, तर म्हणाली, "त्यास्नी इचारा." तेवढंच. एरवी तिचं बोलणं फक्त फोनवर, गावाकडच्या शेजारणीशी. म्हशी त्या शेजारणीच्या गोठ्यात बांधल्या होत्या. धाकटी म्हैस परक्या हाताला पान्हा सोडत नव्हती. अक्का गॅलरीत माझ्या मशीनशेजारी उभी राहून मोठ्यानं विचारायची, आज किती दिली, पेंड खाल्ली का, कास दगडासारखी लागते का. फोन ठेवला की तिथंच कठड्याला धरून उभी राहायची. मी मशीन चालवत असायची.

रोज रात्री जेवताना दोघा भावांची चर्चा व्हायची. आधी दीर म्हणाले, पंचनामा झाल्याशिवाय घराला हात लावायचा नाही. मग पंचनामा झाला. मग म्हणाले, आता पुन्हा पत्रे घालण्यात अर्थ नाही, स्लॅबच घालू. मालक म्हणाले, बरोबर. मग एका जेवणात दीर आमटी ओरपत म्हणाले, "स्लॅब दिवाळीनंतर काढू. तवर हितंच हाय की आमी."

मी वाढत होते. अक्का तव्यापाशी उभी होती, तिचा भाकरीवरचा हात थांबला. तो मी बघितला. दिवाळी म्हणजे पाच महिने. मृग तोंडावर आलेला. त्या भागातला पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको, मातीच्या भिंती उघड्या राहिल्या तर आषाढापर्यंत घराचा चिखल होतो. दिरांनाही ते ठाऊक होतं. जन्म तिथं गेलेला. मालकांनी लोणचं मागितलं.

नंतर आत मी मालकांना म्हणाले, तुम्ही बोला त्यांच्याशी. ते म्हणाले, "दादांना कसं सांगू मी?" आणि कूस बदलली.

त्याच रविवारी गारगोटीहून दिरांचे व्याही आले, थोरल्या मुलीचे सासरे, बायकोला घेऊन. मानाची माणसं. मी पोहे केले, अक्कानं चहा टाकला. बाहेर वादळ सुरू झालं. दार, पाठ, पलंग, गारा. व्याही मांडीवर थाप मारून म्हणाले, मर्दाचं काम केलंत पावणं. तेवढ्यात अक्का चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेली. मी मागं पोह्यांच्या बश्या घेऊन होते. तिनं ट्रे स्टुलावर ठेवला, पदर सारखा केला आणि दिरांकडं बघून म्हणाली, "घरात न्हवताच की तुमी."

दीर हसले. व्याह्यांना म्हणाले, हिच्या डोस्क्याला मार लागलाय, भ्यालीया, हिला त्यातलं काय आठवत न्हाय.

अक्काचा आवाज चढला नाही. गॅलरीत फोनवर बोलते त्याच्याहूनही हळू ती बोलली.

"मलकापुरात हुता तुमी. बाजारला गेलतासा. कडुसं पडल्यावर, अंधारात आलासा. दार मी धरलं हुतं. पत्रा माझ्या डोस्क्यावर पडला. म्हशी मी सोडल्या. तुमी आलासा तवा मी गोठ्यात बसलेलो, रगात गळत हुतं. आन् तुमी पयलं इचारलंसा, टीव्ही भिजला काय म्हणून."

मग ती आत गेली. व्याही चहाच्या कपात बघत राहिले. त्यांची बायको मात्र उठून अक्काच्या मागं स्वयंपाकघरात गेली आणि तिच्या डोक्यावरची चिंधी बाजूला करून बघून आली. पोहे कुणी खाल्ले नाहीत. पाहुणे लवकर निघाले. ते जिना उतरायच्या आत दिरांनी टीव्ही लावला.

मला वाटलं आता मालक काहीतरी बोलतील. ते स्वयंपाकघरात आले खरे. अक्का मोरीत होती. ते हळू आवाजात मला म्हणाले, "वहिनींना जरा समजाव. व्याह्यांसमोर असं बोलतात होय? दादांची काय किंमत राहिली?"

माझ्या हातात पोह्यांची कढई होती. ती मी ओट्यावर अशी आपटली की बाहेर टीव्हीचा आवाज कमी झाला. मी म्हणाले, डोक्यात पत्रा पडलेल्या बाईला तुमच्या भावानं गार लागली म्हणून सांगितलं, इतके दिवस तिला डॉक्टर दाखवला नाही आणि समजवायचं तिला? मी म्हणाले, तुम्ही एकदा तरी तिला विचारलंत काय झालं ते? मालक बाहेर निघून गेले. मी चप्पल घातली, अक्काच्या दंडाला धरलं आणि गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं.

रविवार असूनही डॉक्टर होते. गर्दी होती. बाकावर बसल्या बसल्या अक्कानं मला सगळं सांगितलं, समोरच्या भिंतीकडं बघत. वारा आला तेव्हा ती घरामागच्या परड्यात शेणी गोळा करत होती. आत येऊन दार लावलं, तर कडीच निघाली. तिनं पाटा ओढून दाराला लावला, त्यावर बसली. वर आधी एक पत्रा वाजायला लागला, मग ओळीनं सगळे. पत्र्याचे हुक एकाआड एकच मारले होते. बाकीचे मारून घ्या म्हणून ती दर उन्हाळ्यात सांगत आली होती आणि दर उन्हाळ्यात दीर बघू म्हणत आले होते. कौलं काढून पत्रे घालू नका असंही तिनं पहिल्यांदा सांगितलं होतं. मग एकदम उजेड पडला आणि तिनं वर बघितलं तर आभाळ. एक पत्रा आडवा फिरून परत घरातच पडला, तो डोक्याला लागला. गोठ्यातून म्हशी ओरडत होत्या. गोठ्याचं एक मेढकं, म्हणजे खांब, कललं होतं. ती गारांत गेली, दावी भिजून घट्ट झालेली, सुटेनात, तेव्हा विळ्यानं कापली. हातावर गारांचा मार बसला तो तेव्हा.

"आन् त्येनी आल्यापासनं सांगत्यात," ती म्हणाली, "मी ऐकतोय रोज, आत बसून. मला वाटाय लागलंतं, खरंच तर न्हाय न्हवं, मीच पलंगाखाली हुतो काय."

डॉक्टरांनी जखम धुतली. म्हणाले, टाके त्याच दिवशी पडायला हवे होते, आता खूण राहणार. मलमपट्टी करून गोळ्या दिल्या. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना अक्का म्हणाली, "उद्या मी जातो." मी म्हणाले, मीपण येते.

सकाळी पिशवी भरून मी मालकांना सांगितलं की आम्ही दोघी गावाला चाललोय, पत्रे घालून घ्यायला. त्यांनी एवढंच विचारलं, "जेवणाचं काय?" मी म्हणाले, दोघं भाऊ आहात की. दीर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला नाही.

एसटीनं मलकापूर, तिथून वडापच्या जीपमधून फाट्यापर्यंत, पुढं चालत. घर लांबून दिसलं. भिंती उभ्या, वर आढं आणि वासे, मध्ये काही नाही. आत कोंब आलेल्या गव्हाचा आंबूस वास. कणगीतलं भात फुगून वर आलेलं. चुलीत पाणी साचून राखेचा चिखल झालेला. शेजारणीनं मात्र आसपासच्या शेतांतून उडालेले पत्रे गोळा करून अंगणात एकावर एक रचून ठेवले होते. तिनं आणि तिच्या सुनेनं ते डोक्यावरून आणले होते. बाप्यांपैकी कुणी आलं नाही म्हणाली.

अक्का आधी गोठ्यात गेली. मग आम्ही पदर खोचला. धान्य वेगळं केलं, सडकं परड्यात टाकलं, बाकीचं पोत्यांवर पसरलं. भिंतींच्या डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद दगडांनी दाबला. माझं काम तिच्या मनाला येत नव्हतं आणि ती तसं सांगत होती. खराटा असा धर, पाणी तिकडं लोट, शेणानं आधी कोपरा धर. मीही ऐकून घेत नव्हते. आमच्या दोघींच्या आवाजानं वाडीतली माणसं बघायला आली. पण काम होत होतं.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. चांगला माणूस, पन्नाशीचा. त्यानं पत्रे एकेक वाजवून बघितले. म्हणाला, बरेचसे ठोकून सरळ होतील, काही गेले कामातनं. वासे दोन बदलावे लागतील. हुक या खेपेला सगळे मारू. अक्का म्हणाली, मग आत्ताच लाग. तेव्हा त्यानं डोकं खाजवलं.

"मालकांचं एकदा बोलणं होऊ दे की वयनी. मंग लागतो."

"मीच बोलतोय की," अक्का म्हणाली.

"तसं न्हवं. उद्या मालक म्हणायचं, कुणाला इचारून हात लावलास."

मी मध्ये पडले. म्हणाले, या घराच्या मालकांनाच ते असं पडलेलं चालतंय, म्हणून आम्ही आलोय. सुतार जरा वरमला आणि बोलता बोलता म्हणाला, "व्हय, बिचारं. त्या दिशी मालक माझ्यासंगंच हुतं की मलकापुरात. परत येताना एकाच वडापात हुतो आमी. झाडं पडल्याली, फाट्यावर लई वेळ थांबलो."

म्हणजे याला ठाऊक होतं. शेजारणीला ठाऊक होतं. फाट्यावरच्या टपरीवाल्याला ठाऊक असणार. सगळ्या गावाला ठाऊक होतं की वादळात त्या घरात एकटी बाई होती. तेव्हा मला कळलं की दिवाळीपर्यंत माझ्या कॉटवर बसायचं ते स्लॅबसाठी नव्हे. गावात त्यांचं वादळ कुणी ऐकून घेतलं नसतं. ते पेठेतच चालत होतं, माझ्या चहावर. आणि हे सगळं माहीत असलेला हा सुतारसुद्धा, जिनं दार धरलं तिच्यासमोर उभा राहून, जो बाजारात होता त्याची परवानगी मागत होता.

मी त्याला ते तोंडावर सांगितलं. शब्द आठवत नाहीत, आवाज आठवतो. परड्यातली कोंबडी उडाली. सुतार खाली बघून म्हणाला, फोन तरी येऊ दे कुणाचा. अक्का गोठ्यात निघून गेली होती.

मी घराच्या मागं जिथं रेंज मिळते तिथं जाऊन मालकांना फोन लावला. म्हणाले, सुताराला आत्ता फोन करा. दादांना विचारून नव्हे, तुमचे तुम्ही. नाहीतर मी इथंच राहते, पत्रे चढेपर्यंत, लागलं तर दिवाळीपर्यंत. पलीकडून "बघतो" आलं. तासाभरानं सुताराचा फोन वाजला. तो दोनदा "व्हय, व्हय" म्हणाला आणि शिडी आणायला गेला.

पहिल्यांदा गोठा, असं अक्कानं सांगितलं. मग स्वयंपाकघर, मग माजघर. पत्रे कमी पडले, पुढची पडवी तशीच उघडी राहिली. हुक सगळे मारून झाल्यावर अक्का स्वतः शिडीवर चढली आणि एकेक हलवून बघून आली. सुतार खालून म्हणत होता, पडशीला वयनी. ती खाली उतरून म्हणाली, दोन ढिलं हायती.

मी परत आले ती एकटी. अक्का तिथंच राहिली. दारात चप्पल काढतेय तर समोर कॉटवर दीर, अंगात बनियन, टीव्ही चालू. म्हणाले, "आलीस? च्या टाक." मी म्हणाले, घरावर पत्रे चढलेत भावजी, राहण्यासारखं झालंय. ते म्हणाले, "पडवी राह्यलीया न्हवं अजून."

मी चहा टाकला नाही. गॅलरीत गेले आणि मशीन ओढत आत आणली. जड मशीन, फरशीवर ओरखडा उठला, तो अजून आहे. कॉट आणि टीव्ही यांच्या मधोमध ती लावली. त्या खोलीत प्लग एकच आहे. मी टीव्हीची पिन काढली, मशीनची घातली आणि राहिलेली कापडं घेऊन बसले. दीर माझ्या पाठीकडं बघत बसले असतील, मी वळून बघितलं नाही. संध्याकाळी मालक आले. त्यांनी खोली बघितली, मशीनला वळसा घालून आत गेले, हातपाय धुतले.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. टीव्ही गेला, खुर्ची गेली. मी गॅलरीतून बघत होते. गल्लीतल्या कुणीतरी विचारलं, निघालासा का पावणं, तर दीर मोठ्यानं म्हणाले, "गड्याबिगर घर ऱ्हातंय व्हय? जायाच पायजे."

मृगाचा पाऊस उशिरा आला, पण आला तो धरूनच. आषाढात पडवीची एक भिंत बसली. बाकी घर कोरडं राहिलं. व्याह्यांकडं आता काय बोलणं होतं मला माहीत नाही. दीर आणि अक्का एका घरात राहतात. ती वाढते, ते जेवतात. मला आठवड्यातून दोनदा तिचा फोन येतो. त्यात निम्मा वेळ ती माझ्या चुका काढते. ती नवरी आणि तिची आई परत माझ्याकडं आल्या नाहीत. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्नही झालं, कपडे दुसरीकडं शिवले.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मीही इतरांसारखं म्हणाले असते, जाऊ दे. पण गौरी-गणपतीच्या आधी एका दुपारी मी आणि मालक भाजी निवडत बसलो होतो. मी कमी बोलते याचं त्यांना वाईट वाटत होतं. म्हणाले, आता तरी राग सोड, घर झालं, वहिनी बऱ्या आहेत. मी म्हणाले, सोडते, तुम्ही फक्त एकदा तुमच्या तोंडानं म्हणा की त्या दिवशी घरात वहिनी होत्या, दादा नव्हते.

ते वाटाण्याच्या शेंगा सोलत म्हणाले, "माहितीय की मला."

मी विचारलं, कधीपासून?

"पहिल्या दिवशीच कळलं. गाडी लावली तशी त्या शेजारणीनं सांगितलं."

म्हणजे मोटारसायकलवरून पोचले तेव्हापासून. संध्याकाळी हेल्मेट हातात घेऊन दाराशी उभे होते तेव्हा. व्याही मांडीवर थाप मारत होते तेव्हा. रोज, प्रत्येक पाहुण्यासमोर, माझ्या शेजारी बसून त्यांनी मान हलवली होती. आणि स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले होते, वहिनींना समजाव.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"दादांना काय बोलायचं," ते म्हणाले, "आणि त्यानं कुणाचं काय बिघडत होतं?"

मी निवडलेली भाजी त्यांच्यासमोर सरकवली, विळी सरकवली आणि बाहेर मशीनवर जाऊन बसले. त्या दिवशी स्वयंपाक त्यांनी केला. कसा केला मला ठाऊक नाही, मी जेवले नाही.